काही खातच नाही हो!

बल्लाळेश्वराची गोष्ट मुळात एका बापाच्या तक्रारीची आहे, हे पालीबाहेरच्या लोकांच्या फारसं लक्षात येत नाही. कल्याण शेठ नावाचा व्यापारी, त्याचा मुलगा बल्लाळ. पोरगं गावातली सगळी मुलं गोळा करून रानात जायचं, एका दगडाला गणपती मानून पूजा करायचं आणि तहानभूक विसरून तिथेच रमायचं. जेवायच्या वेळेला घरी पत्ता नाही. शेवटी गावातले आईबाप कल्याण शेठच्या दारात येऊन उभे राहिले, तुमच्या मुलाने आमची मुलं बिघडवली म्हणून. पालीतली ही पहिली पालकसभा. कल्याण शेठने रानात जाऊन पूजा उधळली, दगड भिरकावून दिला आणि मुलाला झोडपून झाडाला बांधलं. पुढे गणपती प्रकटला आणि मुलाच्या नावाने इथेच राहिला. भिरकावलेला दगड धुंडीविनायक झाला, आणि दर्शन आजही आधी त्याचं घ्यायचं असतं.

आजचा कल्याण शेठ मुलाला झाडाला बांधणार नाही. तो त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेईल. ‘डॉक्टर, एका जागी फारच वेळ बसतो, काही औषध?’ आणि तिथून निघाला की चिठ्ठी घेऊन माझ्या काउंटरवर येईल आणि आवाज खाली आणून विचारेल, ‘हे दिलंच पाहिजे का हो?’

माझं औषधांचं दुकान देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुळथाचं पीठ नि कोकमं; मध्ये मी. चतुर्थीला आणि शनिवार-रविवारी अष्टविनायक करणारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात, एरवी तालुक्यातली. मी डी. फार्म. झालेला माणूस, पण सगळे मला डॉक्टरच म्हणतात, आणि खऱ्या डॉक्टरांना ‘ते डॉक्टर’. सुरुवातीला मी दुरुस्ती सुचवायचो. आता नाही सुचवत.

लहान मुलांच्या तब्येतीचे प्रश्न या दुकानात जेवढे येतात तेवढे कुठल्याच आजाराचे येत नाहीत. त्यांची वाट ठरलेली असते. कुठलाही प्रश्न आधी घरात आजीपुढे चालतो. आजीचा निकाल सुनेला मान्य नसतो, म्हणून ती डॉक्टरांकडे अपील करते. डॉक्टरांचा निकाल आजीला मान्य नसतो, म्हणून आजी माझ्याकडे येते. चिठ्ठी मुठीत चुरगळलेली असते. ‘मला काय विचारायचं नाय,’ ती म्हणते, ‘फक्त सांग, बाळाला एवढं औषध बरं का?’ खरं सांगायचं तर यातलं कोणीच उत्तर शोधत आलेलं नसतं. उत्तर घरून निघतानाच बरोबर घेतलेलं असतं. त्यावर शिक्का मारणारा कोणीतरी हवा असतो.

सगळ्यांत जास्त चालणारी केस एकच: ‘काही खातच नाही हो!’

हे वाक्य उच्चारलं जातं तेव्हा ज्याच्याबद्दल ते असतं तो इसम काउंटरच्या काचेवर बसलेला असतो. एका हातात वेफर्सचं पाकीट, दुसऱ्यात क्रीमची बिस्किटं, हनुवटीवर चॉकलेटचा ओघळ. ‘हे खातो,’ आई म्हणते, ‘पण जेवत नाही.’ मग आजी पुरवणी जोडते, ‘आणि जे खातं ते अंगी लागत नाही.’ दिवसाचा हिशोब मागितला तर सकाळी दूध, मग टोस्ट, मग दूध, मग केळं, बारा वाजता थोडी बिस्किटं (‘जेवायला वेळ होता ना’), आणि साडेबाराला ताट. साडेबाराला त्या मुलाने तोंड फिरवलं की घरावर संकट कोसळतं. वाटीभर वरणभात घेऊन आई पुढे, तिच्या मागे मोबाईल धरलेला बाप, त्याच्या मागे ‘अरे तो बघ काऊ’ म्हणणारे आजोबा. अशी दिंडी अंगणाला तीन प्रदक्षिणा घालते आणि दोन घास पोटात जातात, त्यातला एक काऊ बघताना चुकून.

खरी गोम निसर्गात आहे. तीन किलोचं जन्मलेलं मूल पाच महिन्यांत सहा किलोचं होतं आणि वर्षाचं होईस्तोवर नऊ-दहाचं. म्हणजे वर्षात तिप्पट. घरच्यांना या वेगाची सवय लागते. पुढचं आख्खं वर्ष ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, कारण तेवढंच वाढायचं असतं. त्या मानाने भूकही उतरते. त्याच सुमाराला त्याला ‘नको’ म्हणता येऊ लागतं. वर्षाचा वाढदिवस झाला, केक कापला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगं खाईना, मग कोणाची तरी दृष्टच लागली असणार. मीठ-मोहऱ्या ओवाळून होतात. मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर होती, हे सिद्ध होतं. मग माझ्याकडे ‘भुकेचं टॉनिक’ मागायला येतात. मी म्हणतो, दोन जेवणांच्या मधलं सगळं बंद करा, भूक फुकट मिळते. हे ऐकून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. तिथे टॉनिक मिळतं, नारिंगी रंगाचं, संत्र्याच्या वासाचं. मुलाला ते आवडतं. तेवढंच आवडतं.

याच तालुक्यात दुसरीही एक आई आहे, ती मात्र हे वाक्य कधी म्हणत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. मग अंगणवाडीताई पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी लावून बघते. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते. ते पोर समोर पडेल ते खातं, पडतंच कमी. त्या आईच्या हातात टॉनिकची चिठ्ठी दिसली की मला माझ्या काचेच्या कपाटाची लाज वाटते. असो. विनोदी लेखात एवढंच.

दुसरी केस दातांची. बाळाला काहीही झालं की घरात निदान तयार असतं: ‘दात येतायत.’ जुलाब, ताप, सर्दी, रडणं, झोप न येणं, आजोबांच्या चष्म्याची काडी चावणं, सगळं दातांच्या खात्यावर. हे निदान चुकणं जवळपास अशक्य आहे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि वीसही दुधाचे दात पुरे व्हायला अडीच-तीन वर्षं लागतात. मधल्या काळात केव्हाही बघा, कुठला ना कुठला दात येतच असतो. हिरड्या शिवशिवतात म्हणून मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. चप्पल, कपड्यांचा चिमटा, कोंबड्या फिरून गेलेल्या ओटीवरचा चुरमुरा. पोट बिघडतं ते त्या चपलेमुळे, पण चपलेवर खटला कोण भरणार? दात बिचारे नवे, वकील न मिळालेले.

जुलाबाला ओआरएस द्या म्हटलं की देतात, पण कसं? पाकीट एक लिटर पाण्याचं. ते अख्ख्या लिटरभर पाण्यात एकदम कालवून दिवसभर थोडं थोडं द्यायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकायचं. पण अख्खं पाकीट एका वेळी फोडणं पालीच्या गृहिणीच्या जिवावर येतं. ती वाटीभर पाण्यात चमचाभर पूड टाकते आणि पाकिटाला कपड्यांचा चिमटा लावून ठेवते (तोच चिमटा, मघाचा). १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून हजारोंना पाजलं होतं. इतकं साधं औषध. पण साधं असल्यामुळेच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. यात्रेकरू तर सरळ फळांच्या चवीचं गोड पेय उचलायचे, कारण खोक्यावर ‘ओआरएस’ छापलेलं असायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांवर हे नाव छापायला मनाई केली. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होत्या. आता गिऱ्हाईक विचारतं, ‘ते चांगलं लागणारं ओआरएस बंद का केलंत?’ जणू मीच केलं.

गुटीचा खटला तर पिढ्यान्पिढ्या चाललेला आहे. डॉक्टरांचं म्हणणं स्वच्छ आहे: पहिले सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. आजीच्या मते हा नियम पाण्याला लागू आहे, गुटीला नाही; गुटी म्हणजे काही ‘बाकी’ नव्हे. तिची सहाण फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेली असते. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, हळकुंड, ज्येष्ठमध, खारीक, बदाम, सगळं डबीत. उगाळायचं वेढ्यांनी. वेखंडाचा अर्धा वेढा, मुरुडशेंगेचे दोन, जायफळ मात्र बेताने, नाहीतर पोर संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. हात इतका हलका की बघत राहावं. मला वाटतं, आमच्या फार्मसी कॉलेजात मोजमापाच्या तासाला एखादी अशी आजी बोलवायला हवी होती. फरक एवढाच, की आजीच्या वेढ्याचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करणारं कोष्टक कोणी केलेलं नाही, आणि जायफळाची गुंगी बाळ सांगू शकत नाही. सून ‘नको’ म्हणते. आजी ‘बरं’ म्हणते. सून आंघोळीला जाते. तेवढ्या वेळात चार वेढे होतात. संध्याकाळी बाळ गुण्यागोविंदाने झोपलं की दोन्ही पक्ष आपापला विजय मानतात.

तसाच टाळूचा. न्हाऊ घालणारी बाई टाळूवर तेल थापत बसते, ‘टाळू भरली पाहिजे ना.’ ती टाळू दीड वर्षाच्या आसपास हाडं जुळून आपोआप भरते, तेलाशिवाय. पण दीड वर्ष तेल घातल्यावर भरली, म्हणजे तेलाने भरली. आता यावर काय बोलणार? रंगाचा प्रश्न मात्र मी एका वाक्यात निकाली काढतो. ‘कुठलं तेल लावलं की बाळ उजळेल?’ असं एका बापाने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आधी तुम्ही महिनाभर लावून बघा.

लसीचा दिवस वेगळा. तालुक्यात आशाताई आणि नर्सबाई घरोघर निरोप देतात, त्यामुळे लस चुकवणारं घर सहसा नाही. शंका मात्र चुकत नाहीत, आणि त्या उलट्या असतात. एक आई येते, ‘दीड महिन्याचं इंजेक्शन दिलं, ताप आला, लस बाधली का?’ तिच्यामागे दुसरी, ‘त्याला ताप आलाच नाही, लस लागू पडली नाही का?’ दोघींना एकमेकींसमोर उभं करावं असं वाटतं. ताप आला तरी चालतो, नाही आला तरी लस आपलं काम करते, एवढंच त्यात असतं. बीसीजीचंही तेच. डाव्या दंडावर फोड आला की धावत येतात, फोड नाही आला की जास्त धावत येतात. वण उठला नाही म्हणून लस परत घ्यायची नसते, हे सांगितलं की चेहरा पडतो. शेजारणीच्या नातवाला वण आहे आणि आपल्याला नाही, हे दुःख वैद्यकीय नव्हे.

इथे थोडा वेळ मी गंभीर होतो, कारण तापाच्या औषधाच्या बाटल्यांवरून घराघरांत जो गोंधळ असतो त्याला हसू येत नाही. पॅरासिटामॉल थेंबांतही मिळतं आणि सिरपमध्येही. लोकांना वाटतं, बाटली छोटी म्हणजे औषध सौम्य. असतं उलट. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये पाच मिलीलिटरला १२० किंवा १२५, कधी २५०. मात्रा वजनावर ठरते, किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२०चं सिरप चमचाभर लागेल, तर थेंब सव्वा मिलीलिटरच्या आत. सिरप संपलं म्हणून थेंबांची बाटली चमच्यात ओतली तर चौपट जातं. आणि चमचा म्हणजे तरी कुठला? चहाचा, श्रीखंडाचा, की आजीच्या देव्हाऱ्यातली पळी? मी बाटलीबरोबर मापाची टोपी देतो आणि पेनने रेघ मारतो. पुढच्या वेळी ते येतात तेव्हा बाटली तीच असते, पण टोपी भातुकलीत गेलेली असते. खोकल्याच्या औषधाबद्दल तर आता मी कोणाचं ऐकत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे भेसळीच्या सिरपने मुलं दगावली, तेव्हापासून दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकल्याचं सिरप नाही म्हणजे नाही. केंद्राची सूचनाही तीच आहे. ‘मग काय देऊ?’ आईचं दूध द्या, नाक साफ ठेवा, श्वास भरभर चालला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली तर ताबडतोब दवाखाना गाठा. माझं दुकान नाही गाठायचं.

चालण्या-बोलण्याच्या प्रश्नांना मात्र ऋतू असतो. लग्नसराई आणि गणपतीत ते वाढतात, कारण तेव्हा चुलत-मावस पोरं एका ओळीत बसतात आणि तुलना सोपी जाते. ‘जाऊबाईंचा दहाव्या महिन्यात चालला, आमचा वर्षाचा झाला तरी धरून धरून.’ जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या धडधाकट मुलांचा अभ्यास करून २००६ साली त्याचे आकडे दिले. एकट्याने चालायला कोणी आठव्या महिन्यात लागतं, कोणी साडेसतराव्या, आणि दोन्ही ठीक. शंभरातली चारेक मुलं तर रांगतच नाहीत, बसल्या बसल्या पुढे सरकतात आणि एक दिवस उठून चालू लागतात. मी हे सांगितलं की आई क्षणभर सुखावते. मग विचारते, ‘पण साडेसतरा शेवटचा ना? मग आमचा नंबर कितवा?’ चाकांचा गोल वॉकर मी दुकानात ठेवत नाही. त्यात बसून मुलं जिन्यावरून गडगडतात म्हणून कॅनडाने तर २००४ साली त्याच्यावर बंदीच घातली. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा. त्यात मूल बसत नाही, त्याला धरून उभं राहतं, आणि पडलं तर आपल्या पायांनी पडतं.

बोलण्याच्या बाबतीत प्रत्येक घराण्यात एक उशिरा बोललेला पूर्वज असतो. ‘याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता पतपेढीत आहे.’ पतपेढीत तरी तो बोलतो का, हा वेगळा प्रश्न. शेजारच्या पापडवाल्या वहिनींची नात दोन वर्षांची झाली तरी ‘आई’ आणि ‘नाय’ या दोनच शब्दांवर संसार चालवत होती. वहिनी मधाचं चाटण मागायला आल्या. मी म्हटलं, मध राहू द्या, आधी कान तपासून घ्या. दोन वर्षांच्या मुलाने दोन शब्द जोडून बोलायला हवं. बोलत नसेल तर पतपेढीचा आधार न घेता दाखवून आणायचं. आजोबांनी कान घरीच तपासला होता. देवळात चिमाजी अप्पांनी वसई-साष्टीच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा आहे, तिच्या आवाजाला नात दचकली, सबब कान ठणठणीत. मी म्हटलं, त्या घंटेला तर मयत माणूसही दचकेल. वहिनी मनावर घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. कान ठीक निघाले. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून टीव्ही किती? घरात शांतता पसरली. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ सालचं म्हणणं आहे की दोन वर्षं पुरी होईपर्यंत मुलाला पडदा दाखवूच नये. इथे पडदा सकाळी उजाडताच उघडत होता. पडदा बोलतो, पण ऐकत नाही, आणि उत्तर द्यायला कोणी नसलं तर मूल कशाला बोलेल? टीव्ही बंद झाला. वहिनी पापड लाटताना नातीला समोर बसवून दिवसभर बोलू लागल्या. गिऱ्हाइकांशी बोलायच्या त्याच पट्टीत.

आता ती नात तीन वर्षांची आहे. गेल्या चतुर्थीला वहिनी तिला देवळात घेऊन गेल्या होत्या. बाहेरच्या गाभाऱ्यात दगडी उंदीर आहे, हातात मोदक धरून गणपतीकडे बघत बसलेला. गर्दीत नातीने तिथेच ठाण मांडलं.

‘आजी, हा मोदक का खात नाय?’

‘बाप्पाला द्यायला धरलाय गो.’

‘कधीपासून?’

‘लय वर्षं झाली.’

नात जरा वेळ बघत राहिली. मग मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, ‘दात येतायत काय त्याला?’

दर्शन आटोपून वहिनी तडक माझ्या दुकानात आल्या. नात कडेवर होती आणि काउंटरवरच्या प्रत्येक बाटलीकडे बोट करून ‘हे काय, हे कोणाचं, हे कडू का’ चाललं होतं. वहिनींनी तिच्या तोंडावर हात ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘भाऊ, मागच्या वर्षी ही बोलावी म्हणून काही मागायला आले होते ना, तसं थोडं कमी करायचं काही असतं का?’